तीन हेडफोन आणि खालची काठी

"हे डोक्यावर चढवून मी इथेच तीन तास बसले तर चालेल का?"

हा प्रश्न मी श्टुटगार्टमधल्या एका भरलेल्या दुकानात, संपूर्ण अनोळखी विक्रेत्याला, अगदी शांत चेहऱ्याने विचारला. कल्पना माझी नव्हती. देर्या आणि नेले या माझ्या वर्गातल्या दोन मैत्रिणी टीव्हींच्या रांगेमागे दबा धरून बसल्या होत्या. मी विचारलं तर, कमाईसाठी मी घरोघरी जाहिरातींची पत्रकं वाटते त्यांची पिशवी देर्या एक शनिवार वाहणार होती, आणि नाही विचारलं तर दोघी मला वर्षभर 'लाजाळू लिओबा' म्हणणार होत्या. आठवीपर्यंत मी तशी होते, हे मी नाकारत नाही. पण आता मला सोळावं पूर्ण झालंय आणि लाजणं मी सोडून दिलंय, काही लोक गोड सोडतात तसं. मधूनमधून लहर येते, पण निभावते.

विक्रेत्याने आधी माझ्याकडे आणि मग माझ्या चष्म्याकडे पाहिलं.

"तीन तास कशाला? चाळीस मिनिटांत कळेल."

"काय कळेल?"

"काड्या." त्याने स्वतःचा चष्मा काढला आणि कानामागचे दोन लालसर खळगे दाखवले. "एकोणीस वर्षं हेच विकतोय. आवाज हल्ली सगळ्यांचाच बरा असतो. डोकी सारखी नसतात." मग त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "इथून नेलंस तर परत घेणं मालकाच्या मर्जीवर. घरी मागवलंस तर कायद्याने चौदा दिवस तुझे. तू आपली डोकं घरी ठेवूनच बघ."

टीव्हींच्या मागून कोणीतरी खोकल्याचं सोंग करून हसलं. पण एका प्रश्नात मला जेवढं ज्ञान मिळालं तेवढं त्या दोघींना इंटरनेटवर आठवडाभर बसूनही मिळालं नसतं. शिवाय पिशवीही गेली देर्याच्या खांद्यावर.

आता हेडफोन हवेच कशाला, तर खालच्या काठीमुळे.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. आमच्या बरोबर खाली वुर्स्टरबाई, वय एक्याऐंशी, एकट्या. घर जुनं, जमिनी लाकडी आणि पातळ. मी गाणं जरा मोठ्याने लावलं की खालून झाडूच्या दांड्याचे तीन ठोके येतात. ठक, ठक, ठक. तेही कुठेतरी नाही, थेट माझ्या खुर्चीखाली. मी खुर्ची खिडकीशी हलवली तर ठोकेही खिडकीशी आले. बाईंना वरचं सगळं दिसतं की काय, असं मला लहानपणी वाटायचं. अजूनही थोडंसं वाटतं.

म्हणून सोळाव्या वाढदिवसाला, केक कापायच्या आधी, बाबा उभे राहिले. आमच्याकडे बाबा उभे राहिले की भाषण असतं. "लिओबा, हेडफोन तू तुझ्या पत्रकांच्या कमाईतून घेणार आहेस. तेव्हा निवडही सर्वस्वी तुझी. आई आणि मी मध्ये पडणार नाही. हा तुझा पहिला स्वतंत्र निर्णय." मला, खरं सांगते, जरा भरून आलं. आत्तापर्यंत माझी शाळा, माझं दप्तर, माझे बूट आणि माझ्या दातांची तार हे सगळं समितीने ठरवलेलं आहे.

केक संपायच्या आत बाबा म्हणाले, "नुसता एक तक्ता करून देऊ का?"

माझे बाबा गाड्यांच्या दारांची रबरी पट्टी बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहेत. बाहेरचा आवाज आत येऊ नये, यात त्यांचा सगळा जन्म गेला. त्यांना तक्ता करू न देणं म्हणजे माशाला पोहू नको म्हणणं. तक्त्यात सतरा रकाने निघाले. आवाजाची स्पष्टता, खर्ज, वजन, चष्म्याच्या काड्यांवरचा दाब, बॅटरी, आणि 'कानाचं तापमान, एका तासानंतर'. हे शेवटचं मोजायला त्यांनी स्वयंपाकघरातून मांस भाजताना टोचायचा तापमापक आणला.

"बाबा, तो मला टोचणार नाही आहात तुम्ही."

"नुसता टेकवायचा."

आई औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. तिची हरकत वेगळ्या दिशेने आली. "चौदा दिवस कानाला लावून परत करणार? आणि मग ते कोणाच्या तरी कानाला? शी. लिओबा, टोपी घालायची." टोपी म्हणजे अंघोळीची, प्लास्टिकची, निळ्या फुलांची. कान झाकून ती घालायची आणि वरून हेडफोन. म्हणजे वस्तू निर्जंतुक आणि मुलगी हास्यास्पद.

मी तीन मागवले. काळा, राखाडी आणि हिरवा. पहिले दोन आले तेव्हा घरी कोणी नव्हतं, आणि आमच्याकडे घरी कोणी नसलं की पार्सल शेजाऱ्यांकडे जातं. दारावर चिठ्ठी असते, तेवढीच. त्यामुळे काळा वुर्स्टरबाईंकडे उतरला आणि राखाडी तळमजल्यावरच्या हेफेलेसाहेबांकडे. पार्सल ज्याच्याकडे उतरतं त्याला त्या वस्तूबद्दल मत असण्याचा हक्क मिळतो, असं कायद्यात कुठे लिहिलेलं नसावं, पण आमच्या जिन्यात लिहिलेलं आहे.

हिरवा आला तेव्हा मी घरी होते. फुलाफुलांच्या टोपीवर काळा चढवून, कानाशी तापमापक टेकवून. पार्सलवाला एक पायरी मागे सरकला. मग म्हणाला, "नंतर येऊ का?"

"नाही, द्या. चाचणी चालू आहे."

"बरं होईल," तो म्हणाला, अगदी मनापासून.

हेफेलेसाहेब पूर्वी पियानोचे सूर लावायचे. राखाडी माझ्या हातात देताना त्यांनी खोका हलवून पाहिला आणि म्हणाले, "वायर नाही, मग आवाज येतो कुठून?" मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. पटलेलं दिसलं नाही. पण दुसऱ्याच दिवशी ते सूरकाटा खिशात घालून वर आले, तिन्ही हेडफोन एकामागून एक लावून बसले, आणि आईने पुढे केलेल्या लोणी लावलेल्या खारट ब्रेत्सेल-पावाकडे त्यांनी अर्धा तास बघितलंही नाही. काळ्याला म्हणाले, "हा खर्ज नव्हे, हे अजीर्ण." राखाडीला म्हणाले, "स्वच्छ. दवाखान्यासारखा." हिरवा मात्र त्यांनी बराच वेळ काढलाच नाही. शेवटी काढून, घडी घालून, टेबलावर ठेवून म्हणाले, "याला नावं ठेवण्यासारखं काही नाही."

आमच्या या श्वाबियन मुलखात याच्यापेक्षा मोठं कौतुक नसतं. लग्नातसुद्धा नवरीबद्दल एवढंच म्हणतात.

हेफेलेसाहेबांचं खरं होतं. हिरवा हलका होता, काड्या टोचत नव्हत्या, आणि सेलो लागला की कोणीतरी खोलीत येऊन बसल्यासारखं वाटायचं. पण बाहेरचा आवाज तो मुळीच अडवत नव्हता. बाबा कॉफीत चमचा ढवळताना ऐकू यायचे. उलट राखाडी लावला की जग बंद. पहिल्याच संध्याकाळी आईने मला तीनदा हाक मारली म्हणे, आणि मी मसूर-श्पेट्सलं, म्हणजे मसुराबरोबरच्या आमच्या जाड शेवया, थंड खाल्लं. तक्त्यात मात्र 'बाहेरचा आवाज' या रकान्याला बाबांनी सगळ्यांत जास्त वजन दिलं होतं, कारण शेवटी रबर ते रबर. राखाडीला त्र्याण्णव गुण, काळ्याला एकाहत्तर, हिरव्याला अठ्ठावन्न.

"अजून 'सलग चार तास' हा रकाना रिकामा आहे," बाबा म्हणाले. "पण कल स्पष्ट आहे."

इथे माझी खरी अडचण सुरू झाली. राखाडी घेतला तर निर्णय तक्त्याचा. हिरवा घेतला तर तो केवळ तक्त्याला हरवायला घेतला, असं मलाच वाटणार. काळा मला आवडत नव्हता, पण एका रात्री मी त्याचाही विचार केला, निव्वळ अब्रूसाठी. दिवस जात होते. बाराव्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, बाबा पुन्हा उभे राहिले. "चौदावा दिवस रविवारी येतो, म्हणून कायद्याने सोमवारपर्यंत मुदत आहे; सोमवारी पार्सलं परत गेली पाहिजेत. रविवारी संध्याकाळी सातपर्यंत तुझं ठरलं नाही, तर तक्ता ठरवेल."

"म्हणजे तुम्ही."

"तक्ता निःपक्ष असतो, लिओबा."

माझा पहिला स्वतंत्र निर्णय दोन दिवसांत कालबाह्य होणार होता. त्यात शनिवारी सकाळी आईने माझे कान तपासले आणि लाल दिसतात म्हणून त्यांना दिवसभराची सुट्टी देऊन टाकली. चार तासांची चाचणी राहिलीच.

मी जिन्यात उभी राहून हे सगळं देर्याला फोनवर सांगत होते, जरा मोठ्याने, तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं. वुर्स्टरबाई. त्यांच्या दारावर त्या आठवड्याची पाटी लटकत होती. आमच्या इमारतीत झाडलोटीची पाळी असते. ज्याची पाळी त्याच्या दारावर लाकडी पाटी, आणि शनिवारी त्याने जिना, तळघराच्या पायऱ्या आणि समोरचा पदपथ झाडायचा. वुर्स्टरबाई दुपारची शांततेची वेळ संपली की तीनच्या ठोक्याला झाडू घेऊन बाहेर येतात. लोक त्यावर घड्याळं लावतात असं मी म्हणणार नाही, पण हेफेलेसाहेब लावतात.

"चार तास कान हवेत ना तुला?" बाई म्हणाल्या. "माझे घे. सत्तेचाळीस वर्षं नवऱ्याने वापरले, आता रिकामेच आहेत."

मी गडबडले. हीच ती काठीवाली. पण रकाना तो रकाना. "काय ऐकाल?"

"ऑर्गन असेल तर बघ. ओरडणारं काही नको."

मी माझा जुना टॅबलेट आणला, चर्चमधल्या ऑर्गनची लांबलचक यादी लावली, एक संपलं की पुढचं आपोआप सुरू होईल असं करून दिलं आणि त्यांच्या केसांच्या जाळीवर राखाडी बसवला. आईची टोपी मी सुचवलीसुद्धा नाही, काही प्रसंगी माणसाला आपली जागा कळते. तेव्हा सव्वा वाजला होता. मी देर्याबरोबर पत्रकं वाटायला गेले आणि, सांगायला लाज वाटते, सगळं विसरले.

परत आले तेव्हा साडेपाच होत आले होते. दुसऱ्या मजल्यावर गर्दी होती. आई, बाबा, हेफेलेसाहेब, आणि गुडघ्यावर बसून कुलपाशी झटापट करणारा एक कुलूपवाला.

"काय झालं?"

आईने मला जवळ ओढलं. तिचे डोळे ओले होते. "जिना झाडलेला नाही, लिओबा."

एवढंच. आणि मलाही पुढचं काही विचारावंसं वाटलं नाही, कारण आमच्या इमारतीत याचा अर्थ एकच होतो. एक्केचाळीस वर्षांत बाईंचा एकही शनिवार चुकलेला नव्हता. नवरा गेला त्या आठवड्यातसुद्धा नाही. हेफेलेसाहेबांनी सव्वातीनला पहिल्यांदा घंटा वाजवली होती, मग दर पंधरा मिनिटांनी. चार वाजता त्यांनी दार ठोठावलं. पाच वाजता, गेलेल्या माणसासाठी काढतात तशी, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. अग्निशमन दलाला बोलवावं असं आई म्हणत होती, पण विनाकारण बोलावलं तर बिल येतं असं साहेबांचं म्हणणं, म्हणून कुलूपवाल्याला बोलावलं, तोही आधी दर विचारून.

"बाई चांगल्या होत्या," हेफेलेसाहेब म्हणाले. "कोपरेसुद्धा झाडायच्या."

"कडक होत्या," बाबा म्हणाले. "पण न्यायी."

मी रडायच्या बेतात होते. मग मला 'चार तास' हा रकाना आठवला, आणि रडू तिथल्या तिथे गोठलं.

"थांबा," मी म्हणाले. त्याच क्षणी कुलूपवाल्याने ड्रिल सुरू केलं.

"त्या गेलेल्या नाहीत," मी ओरडले.

"हो, बाळा," आई माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "आठवणीत राहतातच माणसं."

दार उघडलं. आम्ही सगळे एकमेकांना धरून आत गेलो. बैठकीच्या खोलीत, आमच्याकडे पाठ करून, वुर्स्टरबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. दोन्ही हात हवेत. बोटं चालत होती, भरभर, आणि थांबून, आणि पुन्हा. पण मी बघत राहिले ते त्यांच्या पायांकडे. घरातल्या सपाता काढून त्यांनी बाजूला नीट ठेवल्या होत्या, आणि नुसत्या मोज्यांतले दोन्ही पाय जमिनीवर डावीकडे, उजवीकडे, टाच, चवडा, टाच, असे सरकत होते. हेफेलेसाहेबांनी माझा दंड धरला. "पायांच्या पट्ट्या," ते कुजबुजले. "ही बाई ऑर्गन वाजवतेय. आणि चुकत नाहीये."

कोणीच पुढे होईना. शेवटी मी समोर गेले. बाईंनी डोळे उघडले, आधी मला, मग मागे वळून सगळ्यांना पाहिलं. हेडफोन काढला. नजर कुलूपवाल्याच्या बुटांवर गेली.

"पाय पुसलेत का?"

त्याने पुसले नव्हते. तो बाहेर जाऊन पुसून आला, म्हणून मला तो माणूस आवडला.

मग बाईंना घड्याळ दिसलं. पावणेसहा. त्यांचा चेहरा असा उतरला की तसा मी आयुष्यात कोणाचा उतरलेला पाहिला नव्हता. "जिना," त्या म्हणाल्या.

"काळजी करू नका," हेफेलेसाहेब घाईघाईने म्हणाले. "माझी टोपी हातात होती तेव्हाच... म्हणजे, आम्ही झाडून घेऊ. मी झाडतो."

त्यांनी चांगल्या मनाने म्हटलं होतं. पण दुसऱ्याची पाळी आपण झाडणं म्हणजे तो आता कामातून गेला असं जाहीर करणं, हे जिन्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, बोलून झाल्यावर त्यांनाही आठवलं, आणि ते टोपीचा काठ चाचपत राहिले. बाई उठल्या. सपाता घातल्या, झाडू घेतला आणि बाहेर गेल्या. सगळे आपापल्या दारात गुपचूप शिरले. बाबांनी जाताना हळूच वहीत काहीतरी टिपलं. चार तास, पंचवीस मिनिटं, तक्रार नाही.

मी सुपली घेऊन बाईंच्या मागे गेले. कोणी सांगितलं नव्हतं. दोन पायऱ्या झाल्या, तीन झाल्या.

"सॉरी," मी म्हणाले. "मीच विसरले. तीन वाजता येऊन सांगायला हवं होतं."

"सुपली तिरकी धर." मग जरा वेळाने, "इथे राहायला यायच्या आधी, गावी, चर्चमध्ये वाजवायचे मी. अठरा वर्षं. इथल्या चर्चला त्यांचा माणूस होता. मग राहिलंच."

"आणि हेडफोन कसा होता?"

बाईंनी कोपरा झाडला. खरंच कोपरेसुद्धा झाडतात. "एकदम मी तिथेच. गार बाक, मेणबत्तीचा वास, सगळं. बाकीचं काही नाही." त्या थांबल्या, झाडूवर हात टेकून. "बघ ना गंमत. नवरा गेल्यापासून सहा वर्षं मी त्या घंटेकडे कान लावून बसलेय. कोण वाजवतंय? पार्सलवाला. आणि आज अख्खी इमारत वाजवत होती, तर मला ऐकू आलं नाही."

मी सुपलीत बघत राहिले. त्यात फारसं काही नव्हतं, आमचा जिना तसा स्वच्छच असतो.

"काठी वाजवता तुम्ही," मी म्हणाले. माझ्या तोंडून निघून गेलं.

"वाजवते. तू खुर्ची हलवतेस, मीही हलते." बाई पुढच्या पायरीवर उतरल्या. "तू पाय आपटतेस मग वरून. दोनदा. मला वाटायचं, चला, पोरगी घरी आहे."

मी पाय आपटायचे ते चिडून. पण हे सांगायची वेळ ती नव्हती. तळघरापर्यंत आम्ही झाडलं, मग पदपथ. हेफेलेसाहेब खिडकीच्या पडद्यामागून बघत होते आणि बघत नसल्यासारखं दाखवत होते.

रविवारी दुपारी मी हिरवा लावून माझ्या खुर्चीत बसले. टोपी न घालता. आईने पाहिलं आणि टोपी न्हाणीघरात परत नेऊन टांगली. सेलो चालू होता. पहिल्यांदाच मी काही तपासत नव्हते, नुसती ऐकत होते, आणि चौदा दिवसांत एकही गाणं मी सबंध ऐकलेलं नाही हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. तिसरं गाणं अर्ध्यावर असताना खालून आवाज आला. ठक, ठक, ठक. सेलोच्या मधोमध, अगदी स्पष्ट. मी दोनदा पाय आपटला आणि खाली गेले. बाईंना टॅबलेट पुन्हा सुरू करता येत नव्हता. तो करून दिला, बराच वेळ बोललो, आणि येताना त्यांच्या नव्या कुलपाची दुसरी किल्ली माझ्या खिशात होती.

सात वाजायला पाच मिनिटं असताना मी उभी राहिले. जेवणाच्या टेबलाशी आमच्याकडे बाबाच उभे राहतात, त्यामुळे बाबा काटा हातात धरून बघतच राहिले. तक्ता त्यांच्या ताटाशेजारी होता, शेवटचा रकाना भरलेला.

"आई, बाबा. काळा उद्या परत जाईल. राखाडी वुर्स्टरबाई विकत घेतायत, आमचं बोलणं झालंय. त्यांची पाळी असेल त्या शनिवारी तीन वाजता मी किल्लीने आत जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवणार आहे, आणि मग आम्ही दोघी झाडणार आहोत. माझ्यासाठी मी हिरवा ठेवतेय."

"अठ्ठावन्न गुण," बाबा म्हणाले, अगदी हळू, आजारी माणसाजवळ बोलावं तसं. "लिओबा, त्यात तुला खालची काठी ऐकू येईल. ती ऐकू येऊ नये म्हणून तर हा सगळा खटाटोप केला आपण."

"हो," मी म्हणाले. "आता मला ती ऐकू यायला हवी आहे."